सुतारी बेंच किती उंच, किती लांब आणि वरचा तक्ता कशाचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण नोकरीतून निवृत्त झाला आहात, नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या इमारतीत तळमजल्यावरची दहा बाय बारा फुटांची एक खोली आपण सुतारकामासाठी मोकळी केली आहे आणि आपली उंची पाच फूट पाच इंच आहे. चौरंग, स्टूल, पुस्तकांची मांडणी आणि पुढे एखादा देव्हारा अशा वस्तू मुख्यतः हातअवजारांनी करण्याचा आपला मानस आहे. एका फॅब्रिकेटरने आठ बाय चार फुटांचे, ३६ इंच उंचीचे, १९ मिमी प्लायवर सनमायका लावलेले टेबल सुचवले आहे आणि ते करून घ्यावे का, असे आपण विचारले आहे.

ते करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या टेबलाची उंची, रुंदी, जाडी आणि पृष्ठभाग या चारही गोष्टी आपल्या कामाच्या विरोधात जाणाऱ्या आहेत. टेबलावर वस्तू ठेवली की टेबलाचे काम संपते. सुतारी बेंचने मात्र लाकूड घट्ट धरून ठेवायचे असते आणि आपण रंधा ढकलला, पटाशीवर घाव घातला किंवा करवत ओढली, तरी स्वतः जागचे हलायचे नसते. म्हणून मोजमाप ठरवताना खोलीत काय मावेल हे नंतर पाहावे. आपले शरीर कसे आहे आणि बेंचवर कोणते लाकूड कसे धरायचे आहे, हे आधी पाहावे.

उंचीपासून सुरुवात करतो, कारण तक्ता पुढे बदलता येतो, पण चुकीच्या उंचीच्या बेंचवर काढलेली दोन वर्षे खांद्याला आणि कमरेला भरून देता येत नाहीत. नाशिकच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकाचा ओटा साधारण ३२ ते ३४ इंचांचा असतो. त्या ओट्यावर उभे राहून भाजी चिरताना काही वाटत नाही, पण परातीत पाच-सहा जणांची कणीक मळायची झाली, की अनेक घरांत परात खाली जमिनीवर घेतली जाते, कारण मळताना शरीराचे वजन मनगटावरून खाली उतरावे लागते आणि ओटा उंच असला तर सगळा जोर दंडातून काढावा लागतो. रंधा मारणे हे कणीक मळण्याच्या जातीचे काम आहे. याउलट, बारीक खाच कापणे, आखणी करणे, कोरीव काम करणे ही भाजी निवडण्याच्या जातीची कामे आहेत. त्यांत डोळा कामाजवळ यावा लागतो आणि बेंच जितका उंच तितके बरे. आपल्याकडचे जुने सुतार जमिनीवर बसून, पायाने फळी दाबून धरून रंधा मारत असत, त्यात हेच तत्त्व होते: छाती कामाच्या वर येत असे आणि अंगाचे वजन अवजारावर पडत असे.

रूढ ठोकताळा असा, की नेहमीची पायताणे घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावेत आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंतचे अंतर मोजावे. हातरंध्याचे काम जास्त असेल, तर बेंच त्या मापाइतका किंवा त्याहून इंचभर खाली असावा. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचे हे माप बहुधा ३१ ते ३२ इंचांच्या आसपास येते, तरी ते आपले आपण मोजून घ्यावे, कारण सारख्या उंचीच्या दोन माणसांचे हात सारखे लांब नसतात. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: लोखंडी रंध्याची मूठ फळीच्या बरीच जवळ असते, तर लाकडी देशी रंध्यावर पकड उंच येते. त्यामुळे लाकडी रंधा वापरणाऱ्याने बेंच आणखी इंचभर खाली घ्यावा.

मापापेक्षाही माझा भरवसा चाचणीवर आहे. घरातले जेवणाचे टेबल बहुधा ३० इंचांचे असते. ते भिंतीला टेकवावे, वर प्लायचा एक तुकडा टाकावा, त्याच्या कडेला एक पट्टी अडसर म्हणून ठोकावी आणि त्या अडसराला तीन फुटांची फळी लावून पंधरा मिनिटे सलग रंधा मारावा. मग प्लायचे तुकडे वाढवत एक-एक इंच वर जावे. खांदा कानाकडे चढू लागला आणि रंध्याच्या शेवटच्या टप्प्यात जोर संपू लागला, तर उंची जास्त झाली. कमरेच्या खालच्या भागात ओढ जाणवू लागली, तर कमी झाली. या दोहोंच्या मधला इंच-दीड इंच ही आपली जागा. पंधरा मिनिटे मी मुद्दाम म्हणतो. दोन हात मारून पाहिले, तर कोणतीही उंची बरीच वाटते.

बारीक कामासाठी उंची कमी पडेल, ही शंका रास्त आहे. त्यासाठी सबंध बेंच उंच करू नये. सहा इंच उंचीचा, दीड-दोन फूट लांबीचा एक भक्कम खोका करावा आणि कुसू (खाचेत बसणाऱ्या लाकडी जिभा) कापायचे असतील किंवा देव्हाऱ्याच्या कमानीवर नक्षी काढायची असेल, तेव्हा तो बेंचवर क्लॅम्पने आवळून घ्यावा. उंच बेंच गरजेपुरता बुटका करणे मात्र इतके सोपे नाही.

रुंदीबाबत लोकांचा मोह मोठा असतो. चार फूट रुंद टेबल भिंतीला लावले, की पलीकडच्या दोन फुटांवर हात पोहोचत नाही आणि महिन्याभरात तिथे डबे, उरलेले तुकडे, स्क्रूच्या पिशव्या यांची वस्ती होते. हात सहज पोहोचण्याची मर्यादा सुमारे दोन फूट आहे. त्यामुळे २२ ते २४ इंच रुंदी पुरते, आणि ती पुरते म्हणण्यापेक्षा तीच सोयीची असते, असे मी म्हणेन. मांडणीचा किंवा कपाटाचा खोका जोडताना अरुंद बेंचला दोन्ही बाजूंनी वळसा घालता येतो, आणि खोका बेंचच्या कडेवरून खाली लोंबता ठेवून त्याच्या कडा साफ करता येतात. आठ बाय चारची प्लायशीट कापण्यासाठी मोठे टेबल हवे, असे फॅब्रिकेटरने सांगितले असेल, तर त्यालाही उत्तर आहे: शीट जमिनीवर चार पट्ट्या टाकून त्यांवर कापावी, किंवा दुकानातूनच मापाने कापून आणावी. महिन्यातून एकदा येणाऱ्या शीटसाठी रोजचा बेंच रुंद करू नये.

लांबी आपण रंधा मारणार असलेल्या सर्वांत लांब फळीवरून ठरवावी, कारण रंध्याखाली फळी पूर्ण टेकलेली हवी. टोक अधांतरी असेल तर ते दबते आणि फळी कधीच सरळ होत नाही. दरवाजाची चौकट करणाऱ्याला सात-आठ फुटांचा बेंच लागतो. चौरंग, स्टूल आणि चार-साडेचार फुटांच्या फळ्यांची मांडणी यांना पाच ते साडेपाच फूट पुरेत. आपल्या खोलीत बारा फुटांच्या भिंतीला समांतर असा साडेपाच फुटांचा बेंच ठेवला, तरी दोन्ही टोकांना सुमारे तीन फूट मोकळे राहतात, आणि ते मोकळे राहायलाच हवेत, कारण करवतीला आणि लांब तुकड्याला टोकाबाहेर जागा लागते. आपण उजव्या हाताने काम करत असाल, तर खिडकीचा उजेड डावीकडून यावा अशी भिंत निवडावी.

आता तक्ता. येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त पैसे येथेच जातात आणि सर्वांत जास्त चुकाही येथेच होतात.

जाडीचे गणित साधे आहे. फळीचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठरपणा आठपट होतो. १९ मिमीच्या प्लायवर पटाशीचा घाव घातला, तर प्लाय खाली दबून वर येते आणि घावाचा जोर त्या उसळीत जिरतो. हे आपल्याला दिसत नाही, फक्त एक खोबण खोदायला दुप्पट वेळ लागतो. हातकामाच्या बेंचला सव्वादोन ते साडेतीन इंच जाडी असावी, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. होल्डफास्ट वापरायचा असेल, तरही एवढी जाडी हवी. होल्डफास्ट म्हणजे बेंचच्या भोकात घालून वरून ठोकला की लाकूड दाबून धरणारा वाकवलेला लोखंडी आकडा. तो भोकात तिरका अडकूनच पकड घेतो, आणि पातळ तक्त्यात त्याला अडकायला पुरेशी भिंत मिळत नाही.

लाकूड कोणते? पहिली पसंती मी जुन्या सागाला देईन. जुन्या नाशकात, भद्रकाली आणि पंचवटीच्या भागांत, वाडे उतरवले गेले, त्यांच्या तुळया आणि कड्या (छताचे आडवे वासे) जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे मिळतात. हे लाकूड कित्येक दशके छताखाली वाळलेले असते; त्यात नव्याने पिळण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, भिंतीत रुतलेली टोके वाळवीने किंवा ओलीने खाल्लेली असू शकतात, म्हणून टोकावर हातोडी मारून आवाज ऐकावा. भरीव लाकूड खणखणते, पोकळ लाकूड बद्द वाजते. दोन, कडेचा फिकट भाग, म्हणजे बाहेरचे कच्चे लाकूड, सागाचे असले तरी कीड लागणारे असते. ते काढून टाकावे लागेल हे धरूनच घनफूट मोजावेत. तीन, खिळे. जुने घडीव खिळे डोके मोडून आत राहिलेले असतात. यंत्रावर रंधाईला देण्यापूर्वी प्रत्येक कडीवर चारही बाजूंनी चांगले चुंबक फिरवावे आणि काळा डाग दिसेल तिथे पटाशीने खरवडून पाहावे, कारण सागातल्या काळ्या डागाखाली बहुतेक वेळा लोखंड असते. एक खिळा राहिला, तर रंधाईवाल्याच्या पात्याला खाच पडते आणि तो पुढच्या वेळी आपले लाकूड घेत नाही.

साडेपाच फूट लांब, २२ इंच रुंद आणि ३ इंच जाड तक्त्याला निव्वळ अडीच घनफूट लाकूड लागते. घट धरून सव्वातीन घनफूट घ्यावे. सागाचा असा तक्ता सुमारे ४५ किलो भरतो, आणि हे वजन बेंचच्या फायद्याचे आहे.

नवा साग सुरगाणा-पेठकडच्या ओळखीने स्वस्तात मिळतो, असे कोणी सांगितले, तर बिल आणि वनखात्याचा वाहतूक परवाना पाहिल्याशिवाय घेऊ नये. साग हा राज्याच्या १९६४ च्या झाडतोड कायद्यात अनुसूचित, म्हणजे परवानगीशिवाय तोडता न येणारा, वृक्ष आहे. बाभूळ बेंचला उत्तम. बैलगाडीच्या चाकाला आणि औताला वापरले जाणारे हे लाकूड घाव सोसण्यासाठीच जणू घडलेले आहे. फक्त ते पूर्ण वाळलेले हवे आणि त्याची पांढरी कड काढलेली हवी, नाहीतर भुंगेरा वर्षभरात तिचे पीठ करतो. आंबा मी सुचवत नाही. त्याला कीड लवकर लागते. पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून भरपूर निघते आणि सुरुवातीच्या बेंचला ते अजिबात वाईट नाही. ते हलके आणि मऊ आहे, म्हणून जाडी साडेतीन-चार इंच ठेवावी. त्याला खड्डे पडतील, पण बेंच कामाच्या लाकडापेक्षा मऊ असणे हा दोष नाही, कारण दोन्ही एकमेकांवर आपटले, तर ओरखडा बेंचला पडावा, देव्हाऱ्याच्या फळीला नव्हे. परदेशातून आलेल्या खोक्यावर शिक्का असतो, तो मात्र पाहून घ्यावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेले, ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. दुसऱ्या प्रकारचे लाकूड घरात आणू नये.

भरीव लाकडाचा तक्ता करताना नाशिकच्या हवेचा विचार करावाच लागतो. मे महिन्यात दुपारी हवा इतकी कोरडी असते, की खोलीतल्या लाकडातला ओलावा सात-आठ टक्क्यांपर्यंत उतरतो; जुलै-ऑगस्टच्या झडीत तो चौदा-पंधरा टक्क्यांपर्यंत चढू शकतो. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलते, आणि तेही कापणीनुसार. टोकावर वलये आडवी दिसणाऱ्या सागवानी फळ्या जोडून २२ इंचांचा तक्ता केला, तर उन्हाळा आणि पावसाळा यांत दोन-अडीच सुतांचा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक पडू शकतो. वलये उभी येतील अशा पट्ट्या जोडल्या, तर तोच फरक एका सुतावर येतो. म्हणून रुंद फळ्या शेजारी शेजारी जोडण्याऐवजी त्यांच्या तीन-तीन इंचांच्या पट्ट्या चिराव्यात, त्या कडेवर उभ्या कराव्यात आणि गोंद लावून आवळाव्यात. एवढ्या एका कृतीने जाडी मिळते, वलये उभी येतात आणि हालचाल निम्म्यावर येते. जोडण्यापूर्वी प्रत्येक पट्टीच्या कडेवरून हात फिरवून लाकडाच्या तंतूंची रेषा कुठल्या बाजूला चढते ते पाहावे आणि खडूने बाण काढावा. सर्व बाण एका दिशेला ठेवले, तर पुढे तक्ता सपाट करताना रंधा लाकूड उचकटत नाही.

मी माझा दुसरा बेंच केला, तेव्हा हे सर्व ऐकून होतो, पण पटलेले नव्हते. सागाचा रुंद तक्ता मी खालच्या आडव्या पट्ट्यांना गोंद आणि स्क्रू अशा दोहोंनी जखडला. तो मे महिन्यात जोडला होता. ऑगस्टमध्ये तक्ता मधोमध फुगला, आणि पुढच्या उन्हाळ्यात एके दुपारी मोठा आवाज होऊन एक जोड दोन फूट लांबीपर्यंत उघडला. तेव्हापासून मी तक्ता सांगाड्याला पुढच्या कडेजवळ घट्ट बोल्टने बसवतो आणि मागच्या बोल्टचे भोक रुंदीच्या दिशेने अर्धा इंच लांबट करतो, म्हणजे पुढची कड जागेवर राहते आणि तक्ता मागे सरकायला मोकळा असतो. गोंद तिथे अजिबात लावायचा नाही.

एवढा खटाटोप आता नको असेल, तर प्लायचा जाड तक्ता करावा. तो रुंदीत नगण्य हलतो आणि माझ्या मते आपल्या पहिल्या बेंचला तोच जास्त योग्य आहे. यासाठी बेंच पाच फुटांचा ठेवावा, म्हणजे १९ मिमीच्या एका आठ बाय चार शीटमध्ये सगळे बसते. शीट लांबीत मधोमध चिरावी, दोन फुटांना पात्याची जाडी कमी अशा दोन पट्ट्या मिळतात. प्रत्येक पट्टी पाच फुटांवर कापावी, तीन-तीन फुटांचे दोन तुकडे उरतात. पाच फुटांचे दोन तुकडे वर आणि खाली घ्यावेत. मधल्या थरात तीन फुटांचा एक आणि दुसऱ्यातून कापलेला दोन फुटांचा एक तुकडा टोकाला टोक लावून बसवावा. ५७ मिमीचा, सुमारे ३२ किलोचा तक्ता तयार होतो. हे थर नुसते स्क्रूने आवळले, तर ताठरपणा एका प्लायच्या तिप्पटच होतो, पण गोंदाने एकजीव झाले, तर तो सत्तावीसपट होतो; म्हणून गोंद दोन्ही पृष्ठांवर, दातेरी पट्टीने, एकही कोरडी जागा न ठेवता पसरावा. पांढरा गोंद उन्हाळ्यात पाच-सात मिनिटांत साय धरतो, तेव्हा हे काम सकाळी लवकर आणि मदतीला माणूस घेऊन करावे. प्लाय आयएस ३०३ या भारतीय मानकाची, बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तग धरणाऱ्या) प्रतीची पुरते; आयएस ७१० च्या मरीन प्लायवर जादा खर्च करण्याचे कारण नाही. पुढच्या कडेला इंचभर जाड सागाची पट्टी लावावी, म्हणजे प्लायचे थर उचकटत नाहीत.

फ्लश डोअरचा तक्ता करावा का, असे नेहमी विचारले जाते. जोडणीच्या आणि पॉलिशच्या टेबलाला तो चालतो; आत तुकड्यांचे भरण असल्याने घावाला आणि होल्डफास्टच्या भोकांना तो टिकत नाही. सनमायका गुळगुळीत असते, तिच्यावर फळी निसटते. मात्र तिचा एक सुटा तुकडा जवळ ठेवावा आणि गोंदाचे काम करताना बेंचवर अंथरावा. सुकलेला गोंद त्यावरून सहज सुटतो.

सांगाड्याचे काम आपण फॅब्रिकेटरकडे जरूर द्यावे. दोन इंची चौकोनी पाइपचे पाय, खाली आडवे पाइप आणि मागच्या बाजूला तिरका आधार एवढे सांगितले की झाले. फक्त पुढचे पाय तक्त्याच्या पुढच्या कडेच्या रेषेत हवेत, आत घेतलेले नकोत, कारण लांब फळी उभी धरून तिच्या कडेवर रंधा मारताना ती तक्ता आणि पाय दोहोंना टेकवून क्लॅम्पने आवळता येते. पायांखाली फिरवून उंची जुळवता येणारे बूट लावावेत. तळमजल्याच्या फरशीला अनेकदा पाण्यासाठी उतार दिलेला असतो. खालच्या आडव्या पाइपांवर फळी टाकून अवजारे आणि जड सामान ठेवावे, बेंच आणखी स्थिर होतो.

सात किंवा नऊ इंची सुतारी व्हाइस (लाकूड आवळून धरणारा शिकंजा) पुढच्या कडेला डाव्या टोकाजवळ बसवावा, त्याचा लोखंडी जबडा तक्त्याच्या पृष्ठभागापेक्षा अर्धा इंच खाली ठेवावा आणि आत लाकडी गाल लावावेत. होल्डफास्टची भोके सर्व एकदम पाडू नयेत. पुढच्या कडेपासून चार-पाच इंच आत तीन-चार भोके पुरेत, बाकीची काम सांगेल तशी पाडावीत. तयार बेंचला अळशीच्या उकळलेल्या तेलाचा एक हात द्यावा, चकचकीत पॉलिश करू नये. तेलाची फडकी चुरगळून टोपलीत टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

प्लायचा तक्ता केला, तर पुढे काही करावे लागणार नाही. सागाचा केला, तर पहिला पावसाळा त्याला तसाच जाऊ द्यावा आणि डिसेंबरमध्ये दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून, डोळा खाली नेऊन त्यांच्या कडा एका रेषेत दिसतात का ते पाहावे. जो कोपरा वर आलेला दिसेल, तिथून रंधा तिरका मारत यावा आणि पट्ट्या पुन्हा ठेवून पाहाव्यात.